कुंडीला ऊन किती?

वडनेर भोलजी हे घाटाखालचं गाव. बुलढाणा जिल्ह्यातल्या माणसाला एवढं सांगितलं की उन्हाबद्दल वेगळं काही सांगावं लागत नाही. घाटावर बुलढाणा, चिखली, मेहकर. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद. खाली पूर्णेचं सपाट खोरं, काळी कसदार जमीन आणि मे महिन्यात 44-45 अंशांपर्यंत चढणारा पारा. सुरत-नागपूर-कोलकाता महामार्ग, पूर्वीचा क्रमांक 6 आणि आताचा 53, याच पट्ट्यातून जातो. इथल्या नव्या स्लॅबच्या घरांत पोर्चच्या कठड्यावर तुळस, सदाफुली आणि कोरफडीच्या जोडीला आता लहान लहान कुंड्या दिसू लागल्या आहेत: जेड, एचेव्हेरिया, हावर्थिया, तांबड्या डोक्याचा मून कॅक्टस. नर्सरीवाले या सगळ्यांना मिळून ‘सक्युलंट’ म्हणतात. पानांत, खोडांत पाणी साठवून ठेवणाऱ्या मांसल झाडांचा हा गोतावळा आहे.

ही झाडं सहसा मरत नाहीत, असं सांगून विकली जातात. घाटाखाली मात्र ती भराभर मरतात. काही पहिल्याच उन्हाळ्यात गच्चीवर भाजून निघतात. काही घरात टीव्हीशेजारी ठेवलेली असतात. ती आधी लांबुळकी, फिकट होतात आणि श्रावणाच्या आसपास बुंध्याशी कुजून आडवी पडतात. दोन्ही वेळा दोष पाण्यावर जातो: कमी पडलं नाहीतर जास्त झालं. पाण्याचा वाटा असतोच, पण मूळ कारण बहुतेकदा प्रकाशाचं असतं. झाडाला किती पाणी पचेल हे त्याला किती उजेड मिळतो त्यावर ठरतं, आणि घाटाखालचा उजेड वर्षभर एकसारखा नसतो.

घोटाळा सुरू होतो तो डोळ्यांपासून. माणसाचा डोळा उजेडाचं मोजमाप फार वाईट करतो. कमी उजेडात बाहुली मोठी होते, दृष्टिपटल अधिक संवेदनशील होतं आणि खोली आपल्याला ‘चांगली उजेडाची’ वाटू लागते. उजेड लक्समध्ये मोजला तर चित्र वेगळं निघतं. निरभ्र दुपारी मोकळ्या अंगणात सुमारे 1 लाख लक्स भरतात. त्याच वेळी कडुनिंबाच्या सावलीत दहा हजारांच्या आसपास. खिडकीपासून आठ-दहा फूट आत, भिंतीलगतच्या टेबलावर, 100 ते 300. म्हणजे अंगण आणि ते टेबल यांच्यात काही शे पटींचा फरक असतो, आणि डोळ्याला तो जेमतेम जाणवतो. जुन्या धाब्याच्या घरांत तर उष्णता आत येऊ नये म्हणून खिडक्या मुद्दामच लहान ठेवलेल्या असतात. तिथला गारवा माणसाला सुखाचा आणि सक्युलंटला उपासमारीचा. मोबाईलवर उजेड मोजण्याची मोफत ॲप मिळतात. त्यांचे आकडे अचूक नसतात, पण पोर्च आणि बैठक यांची तुलना करायला पुरेसे असतात. कुंडी कुठे ठेवायची हे ठरवण्याआधी एकदा ही तुलना करावी.

‘फुल सन’ असं लेबल लावलेल्या झाडाचं गाव कोणतं, हेही पाहायला हवं. एचेव्हेरियाच्या बहुतेक जाती मेक्सिकोच्या उंच डोंगराळ मुलखातल्या. तिथे ऊन प्रखर असतं, पण हवा गार असते आणि रात्री थंड असतात. जेडचं मूळ दक्षिण आफ्रिकेत. हावर्थियाही तिथलीच, पण ती झुडपांच्या सावलीत, खडकांच्या आडोशाला, अर्धी मातीत रुतून वाढते. भारतात कॅक्टस आणि सक्युलंटच्या नर्सऱ्यांसाठी नावाजलेलं गाव म्हणजे पश्चिम बंगालमधलं कालिम्पाँग, हिमालयाच्या पायथ्याच्या टेकड्यांवरचं. अशा गार हवेत किंवा एखाद्या पॉलिहाउसच्या गाळलेल्या उजेडात वाढलेलं रोप कुरिअरनं एप्रिलमध्ये घाटाखाली उतरतं आणि लेबल वाचून थेट स्लॅबवर ठेवलं जातं. चार दिवसांत त्याच्या पानांवर पांढुरके, कागदासारखे डाग उमटतात. ते डाग पुढे कधी भरून येत नाहीत. ते पान गळेपर्यंत तसंच राहतं.

दिशेचा सल्लाही असाच बाहेरून आलेला आहे. युरोप-अमेरिकेतली पुस्तकं सांगतात, सक्युलंट दक्षिणेच्या खिडकीत ठेवा. तिथे ते बरोबर आहे, कारण तिकडे सूर्य बाराही महिने दक्षिणेकडूनच जातो. वडनेर कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, साधारण 20.8 उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे सूर्य इथे वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो: एकदा 24-25 मेच्या सुमारास आणि दुसऱ्यांदा 18-19 जुलैच्या सुमारास. मधल्या काळात भर दुपारचा सूर्य किंचित उत्तरेला असतो. शेजारच्या नांदुऱ्यात महामार्गालगत 105 फूट उंचीची हनुमानाची मूर्ती आहे. 22 डिसेंबरला भर दुपारी, म्हणजे घड्याळात 12 वाजून 20-25 मिनिटांनी, 105 फुटांच्या उंचीची सावली सपाट जमिनीवर उत्तरेकडे 100 फुटांहून थोडी जास्त पडते. मेच्या शेवटच्या आठवड्यात तीच सावली पायाशी गोळा होते.

हा हिशेब घराला लावला की बरंच उलगडतं. डिसेंबरात दुपारचा सूर्य क्षितिजापासून सुमारे 45 अंशांवर असतो. दक्षिणेच्या खिडकीवर दोन फुटांचा छज्जा असेल तर त्याची सावली भिंतीवर जेमतेम दोन फूट खाली येते. खिडकीच्या खालच्या भागातून ऊन सरळ आत शिरतं आणि फरशीवर लांबवर पसरतं. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य 69 अंशांवर चढलेला असतो. त्याच छज्ज्याची सावली आता पाच फूट खाली पोचते आणि खिडकी झाकून टाकते. मे ते जुलै दक्षिणेच्या खिडकीत दुपारचं थेट ऊन येतच नाही. उलट उत्तरेच्या ओसरीत, जिथे हिवाळ्यात उन्हाचा कवडसाही नसतो, तिथे जूनमध्ये सकाळी आणि संध्याकाळी तिरपं ऊन येतं. जी जागा दिवाळीत उत्तम, ती आखाडात कामाची नसते. दिवसाची लांबीही बदलते: जूनमध्ये सुमारे 13 तास 20 मिनिटं, डिसेंबरात 11 तासांहून थोडी कमी. कुंडीची जागा एकदा ठरवून कायमची करणं या अक्षांशावर चालत नाही.

आता झाडाच्या आत काय चालतं ते पाहू. त्याची गोष्ट सुरू होते आपल्या ओळखीच्या पानफुटीपासून. पान मातीवर टेकवून ठेवलं की त्याच्या कडेच्या खाचांतून रोपं फुटतात म्हणून शाळेतली मुलं ती वहीत जपून ठेवतात. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत दक्षिण भारतात काम करणारा बेंजामिन हाइन नावाचा वनस्पतिशास्त्रज्ञ होता. त्यानं पानफुटीचं पान दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी चाखून पाहिलं. सकाळी ते आंबट लागलं, दुपारपर्यंत आंबटपणा गेला, संध्याकाळकडे ते किंचित कडवट झालं. हे निरीक्षण त्यानं 1813 मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटीतल्या ए. बी. लॅम्बर्ट यांना पत्रानं कळवलं. सक्युलंटच्या अन्ननिर्मितीविषयीच्या आधुनिक ज्ञानाचं एक टोक भारतातल्या या साध्या चव घेण्यात आहे. (पानफुटीत हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं असतात, तेव्हा प्रयोग जिभेच्या टोकापुरताच ठेवावा, आणि मुलांना करू देऊ नये.)

सकाळचा तो आंबटपणा मॅलिक आम्लाचा असतो. हरभऱ्याच्या पाल्यावर पहाटे जी आंब धरते, तिच्यातही हेच आम्ल प्रामुख्यानं असतं. हरभऱ्याचं कारण निराळं. पानफुटीत ते रात्रीच्या कमाईतून येतं. कपाशी, तूर, सोयाबीन ही पिकं दिवसा पानांवरची सूक्ष्म छिद्रं उघडून हवेतला कार्बन डायऑक्साइड आत घेतात आणि त्याच वेळी उन्हाच्या बळावर साखर तयार करतात. छिद्रं उघडली की पाणीही उडून जातं. वाळवंटी झाडाला हा खर्च परवडत नाही. म्हणून ते दिवसा छिद्रं मिटून घेतं आणि रात्री, हवा गार आणि दमट असताना, उघडतं. रात्री आत घेतलेला कार्बन डायऑक्साइड मॅलिक आम्लाच्या रूपात पेशींच्या पोकळीत, कणगीत धान्य भरावं तसा, साठवला जातो. सकाळी ऊन लागलं की मिटल्या दाराआड तो साठा मोकळा होतो आणि त्याची साखर बनते. जेड ज्या क्रॅसुला कुळातलं, त्याच कुळात ही रीत प्रथम नीट अभ्यासली गेली, म्हणून तिला क्रॅसुलेसियन आम्ल चयापचय, थोडक्यात ‘कॅम’, म्हणतात.

प्रकाशाच्या दृष्टीनं याचा अर्थ फार महत्त्वाचा आहे. रात्री जेवढं आम्ल साठलं, तेवढ्यापुरताच दिवसाचा उजेड कामी येतो. दुपारपर्यंत साठा संपत आला की पुढचं ऊन झाडाला वापरता येत नाही. ते नुसतं सोसावं लागतं. हरितद्रव्य प्रकाश शोषतच राहतं, पण त्या ऊर्जेला वाट मिळत नाही, आणि ती पेशींचीच नासधूस करू लागते. त्यात छिद्रं मिटलेली, म्हणजे घामासारखं पाणी उडवून थंड होण्याची सोयही बंद. जाडजूड पान उन्हात हवेपेक्षा दहा अंशांहूनही जास्त तापू शकतं. मे महिन्यात घाटाखाली रात्रीसुद्धा पारा पुष्कळदा 28-30 च्या खाली उतरत नाही. अशा उबदार रात्री अनेक सक्युलंट छिद्रं नीट उघडतच नाहीत. रात्रीची कमाई जवळजवळ नाही आणि दिवसाचं ऊन वर्षातलं सर्वांत कडक, अशी कोंडी होते. सकाळी सात ते साडेदहाचं ऊन आणि त्यानंतर सावली, हा घाटाखालचा उन्हाळी शिरस्ता याच हिशेबावर टिकतो.

वऱ्हाडात पावसाळ्यात आवडीनं खाल्ली जाणारी घोळ या बाबतीत आणखी पुढची आहे. ओल असेल तेव्हा ती ज्वारी-मक्याच्या पद्धतीनं, म्हणजे दिवसा जोमानं, अन्न बनवते. पाणी तुटलं की ती रात्रीची रीतही चालू करते. 2022 मध्ये येल विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिलं की घोळीत या दोन्ही पद्धती एकाच पानातल्या त्याच पेशींत, एकमेकींत गुंफून चालतात. कोरड्या जमिनीतली घोळ पहाटे खुडली तर जास्त आंबट लागते, ती या रात्रीच्या आम्लामुळे. तिची बहीण म्हणजे कुंड्यांमधली ‘ऑफिस टाइम’. तिची फुलं सकाळी ऊन चढलं की उमलतात आणि ढगाळ दिवशी अर्धवट मिटलेली राहतात. मेच्या उन्हात स्लॅबवर, उघड्यावर, बिनधास्त टिकणारं रंगीत फुलांचं सक्युलंट हवं असेल तर तिच्यासारखं दुसरं नाही.

सह्याद्रीतल्या एका झाडानं ही वाटणी वेगळ्याच तऱ्हेनं केली आहे. शिंदळ माकडी ही शिवनेरी, पुरंदर, सज्जनगड अशा किल्ल्यांच्या कड्यांवर वाढणारी, फक्त महाराष्ट्रात सापडणारी वनस्पती. निकोलस डाल्झेल यांनी 1860 च्या दशकात तिचं शास्त्रीय वर्णन केलं आणि मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्यावरून तिला नाव दिलं. पावसाळ्यात तिच्या मांसल खोडांवर हिरवी पानं येतात, कोरड पडली की ती गळून जातात. 1977 मध्ये जर्मन शास्त्रज्ञ ओटो लांगे यांनी सहकाऱ्यासह तपासलं तेव्हा असं दिसलं की तिची पानं साध्या झाडांसारखी दिवसा कार्बन डायऑक्साइड घेतात आणि खोड रात्री घेतं. ढगाळ, ओल्या दिवसांसाठी पानं. कोरड्या, लख्ख दिवसांसाठी खोड. तिचा शोध घेत कडे चढण्याची गरज नाही, आणि ती दुर्मीळ असल्यामुळे तसं करूही नये. शेताच्या धुऱ्यावरच्या थोराकडे पाहिलं तरी पुष्कळ समजतं: पावसात त्याला पानं फुटतात, हिवाळ्यानंतर ती झडतात आणि हिरवं खोड उन्हाळाभर एकटं उभं राहतं.

उजेड कमी पडला की काय होतं, ते जेडच्या एका फांदीवर वाचता येतं. वर्षभर एकाच खोलीत ठेवलेल्या कुंडीतली फांदी हातात धरून बुंध्याकडून टोकाकडे पाहत जावं. आधी पेरं आखूड, अर्ध्या-पाऊण इंचाची. पानं जाड, जवळजवळ. मग एका जागी पेरं एकदम लांबतात, दीड इंचापर्यंत जातात, खोड बारीक होतं, पानं पातळ आणि फिकट. हे जुलै-ऑगस्ट. मग पुन्हा आखूड पेरं: दिवाळीनंतर दक्षिणेच्या खिडकीतून ऊन आत आलं तो काळ. फांदीवर तारखा लिहिलेल्या नसतात, पण कोणत्या महिन्यात घरात किती उजेड होता याची नोंद असते. एचेव्हेरियाची खूण आणखी लवकर दिसते. गुलाबासारखा मिटलेला पानांचा झुबका उलगडतो, पानं खाली झुकतात, कारण जास्तीत जास्त पृष्ठभाग उजेडाकडे करण्याची त्यांची धडपड असते. गोल कॅक्टसचा शेंडा निमुळता होऊन वर चोच काढल्यासारखा दिसतो. त्याला पुष्कळ जण ‘छान वाढतोय’ म्हणतात. ती उपासमारीची वाढ असते.

या वाढीमागे झाडाचे प्रकाशग्राही रेणू आहेत. त्यांतला फायटोक्रोम तांबडा प्रकाश आणि त्यापलीकडचा गडद तांबडा प्रकाश यांचं प्रमाण ओळखतो. दुसऱ्या पानांतून गाळून आलेल्या उजेडात तांबडा कमी उरतो, त्यावरून आपण कुणाच्या तरी सावलीत आहोत हे झाडाला कळतं आणि ते उंच होऊ पाहतं. निळा प्रकाश कोणत्या बाजूनं येतो हे दुसरे रेणू टिपतात. चार्ल्स डार्विननं मुलगा फ्रान्सिस याच्यासह गवताच्या कोंबांवर प्रयोग केले आणि 1880 मध्ये प्रसिद्ध केले: कोंबाचं टोक झाकलं की तो उजेडाकडे वळत नाही, बुंधा झाकला तरी वळतो. जाणीव टोकाला आणि वाकणं खाली, म्हणजे मधे काहीतरी निरोप जात असला पाहिजे. तो निरोप म्हणजे ऑक्सिन हे संप्रेरक, हे पुढे 1920 च्या दशकात हॉलंडच्या फ्रिट्स वेंटनं दाखवलं. ऑक्सिन अंधाऱ्या बाजूला सरकतं, तिकडच्या पेशी लांबतात आणि खोड उजेडाकडे झुकतं. खिडकीतली कुंडी आठवड्याला पाव वळसा फिरवावी, एवढा त्याचा घरगुती उपयोग.

लांबलेलं पेर पुन्हा आखूड होत नाही. पेशीची भिंत एकदा ताणली गेली की ती तशीच घट्ट होते. अशा झाडाला उशिरा ऊन दिलं तर नवी वाढ सुधारते, जुनी तशीच राहते.

उन्हाचा दुसरा परिणाम म्हणजे रंग, आणि इथे बरेच जण नाहक घाबरतात. पोर्चमधली कोरफड फेब्रुवारी-मार्चमध्ये गच्चीवर नेली की महिन्याभरात तपकिरी-तांबूस होते. रोग पडला म्हणून तिच्यावर औषध फवारलं जातं, नाहीतर पाण्याचा मारा होतो. प्रत्यक्षात कोरफड कडक उन्हात ऱ्होडोझँथिन नावाचं तांबडं रंगद्रव्य बनवते. ते जास्तीचा प्रकाश अडवून हरितद्रव्याला वाचवतं. सावलीत परत आणली की काही आठवड्यांत पान पुन्हा हिरवं होतं. जेडच्या पानांच्या लाल कडा, एचेव्हेरियाची गुलाबी टोकं ही जांभूळ आणि लाल कोबी रंगवणाऱ्या अँथोसायनिनची करामत. कॅक्टसमध्ये आणि ‘ऑफिस टाइम’मध्ये तेच काम बीटाच्या गटातली बीटालेन रंगद्रव्यं करतात. पान टणक असेल आणि रंग सगळीकडे सारखा चढला असेल, तर काळजीचं कारण नाही. डाग एकाच बाजूला, सूर्याकडच्या बाजूला, पांढुरका किंवा भुरा आणि कोरडा असेल, तर ते भाजणं आहे.

काही एचेव्हेरियांच्या पानांवर निळसर पांढरी भुकटी असते. ती धूळ समजून ओल्या फडक्यानं पुसू नये. तो मेणाचा थर आहे. प्रखर ऊन आणि अतिनील किरण तो परतवून लावतो, आणि त्या पानावर तो पुन्हा धड येत नाही. बोट लागलं तरी ठसा उमटतो. महामार्गाची धूळ ही मात्र खरी अडचण आहे. ती थरावर थर बसून उजेड अडवते. ती मऊ ब्रशनं झटकावी, किंवा हिवाळ्यात सकाळी पाण्याची बारीक फवारणी करून पान लगेच कोरडं होऊ द्यावं.

तांबड्या, पिवळ्या डोक्याच्या मून कॅक्टसची गोष्ट थोडक्यात सांगण्यासारखी. त्या रंगीत गोळ्यात हरितद्रव्य नाही. तो जपानमध्ये 1940 च्या दशकात रोपांत आढळलेल्या विकृतीचा वंश आहे, आणि स्वतःचं अन्न तो बनवू शकत नाही. खालचं तीन धारी हिरवं खोड, ज्यावर त्याचं कलम असतं, ते ड्रॅगनफ्रूटच्या जातकुळीतलं असतं आणि तेच दोघांना पोसतं. ते मूळचं झाडांवर चढणारं, अर्ध्या सावलीतलं. म्हणून त्याला सकाळचं कोवळं ऊन पुरतं. दुपारच्या उन्हात वरचा गोळा आधी करपतो.

घाटाखालचं सक्युलंटचं वर्ष, एकंदरीत पाहता, नोव्हेंबरला सुरू होतं असं म्हणायला हवं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी आकाश निरभ्र, दिवसा 28-30 अंश, रात्री पारा पुष्कळ खाली. गार रात्री आणि लख्ख दिवस ही कॅमची मनाजोगती जोडी. या चार महिन्यांत जवळजवळ सगळ्या जातींना पूर्ण दिवसाचं ऊन चालतं, हावर्थिया आणि तिच्यासारख्या सावलीच्या जाती वगळून. वाढ, रंग, मुळं, सगळं या काळात कमवायचं. होळीनंतर सावली लागते. देऊळगाव राजा, सिंदखेड राजा भागात भाजीपाल्याचं बीजोत्पादन ज्या शेडनेटखाली होतं, तीच हिरवी किंवा काळी जाळी गच्चीवर चार बांबूंवर ताणली तरी काम भागतं. 50 टक्क्यांची जाळी निम्मा उजेड सोडते. 1 लाखाचे 50 हजार लक्स उरतात, आणि तेही सक्युलंटला भरपूर आहेत. 75-90 टक्क्यांची जाळी लावली तर कोवळ्या रोपांचं रक्षण होतं, पण मोठी झाडं तिच्याखाली लांबू लागतात. स्लॅबवर कुंडी थेट टेकवू नये, विटांवर किंवा लाकडी फळीवर ठेवावी. काळ्या प्लास्टिकच्या कुंडीतली माती उन्हात हात लावू न देण्याइतकी तापते. पान वाचलं तरी मूळ जातं. मातीच्या कुंडीतून पाणी झिरपून उडतं आणि ती थोडी तरी गार राहते.

सर्वांत जास्त झाडं मात्र उन्हाळ्यात जात नाहीत. ती मृगानंतर जातात. पाऊस सुरू झाला की लोक सुटकेचा निःश्वास टाकून जाळी काढतात, कुंड्या पावसात ठेवतात. आकाश आठवडेच्या आठवडे झाकलेलं, अंगणातला उजेड दाट ढगांत लाखावरून दहा-वीस हजारांवर, कधी त्याहून खाली. पोर्चमध्ये तो आणखी घटतो. अन्ननिर्मिती मंदावते, मुळं पाणी ओढत नाहीत, आणि काळ्या मातीची कुंडी ओली ती ओलीच. बुंध्याशी बुरशी शिरते. कापसासाठी सोन्यासारखी असलेली काळी माती कुंडीतल्या सक्युलंटला घातक ठरते ती याच महिन्यांत. जाड रेती, विटांचे बारीक तुकडे आणि थोडं कुजलेलं शेणखत हे मिश्रण बरं. कुंडी पावसाआड, पण घरातल्या सर्वांत उजेडाच्या जागी असावी, आणि उजेड जेवढा कमी तेवढं पाण्याचं अंतर वाढवावं. माती पूर्ण कोरडी झाल्यावर आणखी काही दिवस थांबलं तरी बिघडत नाही.

मग येते ऑक्टोबरची उघडीप. चार महिने ढगाखाली मऊ झालेली पानं, पातळ त्वचा, उडालेला रंग, आणि अचानक कडक ऊन. मेमध्ये वाचलेलं झाड ऑक्टोबरात भाजतं ते यामुळे. पान उन्हाला तयार होतं, पण त्याला वेळ लागतो: त्वचा जाड व्हावी लागते, संरक्षक रंगद्रव्यं तयार व्हावी लागतात. आधी सकाळचा एक तास, आठवड्यानं दोन, असं करत दोन-तीन आठवड्यांत पूर्ण उन्हात न्यावं. नर्सरीतून आणलेल्या नव्या रोपालाही हाच क्रम.

प्रकाशाचं आणखी एक काम आहे, ज्यात ताकदीपेक्षा कालावधीला महत्त्व असतं. नर्सरीत जानेवारीपासून लाल-केशरी फुलांनी भरलेल्या कालांचोच्या कुंड्या येतात. मादागास्करमधलं हे झाड जर्मनीतल्या पॉट्सडॅमच्या रॉबर्ट ब्लॉसफेल्ड यांनी 1932 मध्ये बाजारात आणलं. त्याला कळ्या धरायला लांब रात्र लागते, आणि ती सलग काही आठवडे लागते. आपल्याकडे सप्टेंबरच्या अखेरीनंतर रात्र दिवसापेक्षा मोठी होत जाते, तेव्हा ते आपोआप फुलायला हवं. तरीही पोर्चमधलं कालांचो अनेकदा वर्षानुवर्षं नुसत्या पानांवर राहतं. कारण डोक्यावर रात्रभर जळणारा एलईडी दिवा, किंवा समोरच्या खांबावरचा. तो उजेड अन्न बनवायला अगदीच अपुरा, पण रात्र तोडायला पुरेसा असतो. ऑक्टोबरात संध्याकाळी सहाला कुंडी दिवा नसलेल्या खोलीत नेऊन सकाळी आठला बाहेर आणली, असं दीड महिना केलं, की कळ्या दिसू लागतात.

ड्रॅगनफ्रूटचं याच्या उलट. हे कॅक्टस कुळातलं पीक. त्याला फुलायला लांब दिवस लागतो, म्हणून ते आपल्याकडे पावसाळ्यात फुलतं. व्हिएतनाममध्ये शेतकरी हिवाळ्यात रात्री बागेत दिवे लावून रात्र आखूड करतात आणि बिगरहंगामी फळ घेतात. महाराष्ट्रात सोलापूर-सांगलीकडे हे पीक रुजलं आहे आणि बारामतीजवळ माळेगावच्या राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्थेत त्यावर काम चालतं. उन्हाळ्यात त्याच्या फांद्या पिवळ्या पडून भाजतात, आणि त्यासाठी सावलीचे उपाय करावे लागतात. कॅक्टस म्हणजे उन्हाचं झाड, हा समज शेतातही पुरता खरा ठरत नाही.

लांबलेलं झाड वाचवायचं तर त्याचा शेंडा छाटावा. घाटाखाली त्याला योग्य वेळ नोव्हेंबर. दोन-तीन इंचांचा शेंडा धारदार, स्वच्छ पात्यानं कापून चार-पाच दिवस कोरड्या सावलीत ठेवावा. काप सुकून खपली धरते. मग तो रेताड मातीत नुसता टेकवून ठेवावा. मुळं धरेपर्यंत पूर्ण ऊन नको, पण पूर्वेच्या पोर्चसारखी उजेडाची जागा हवी, कारण मूळ फुटायलाही पानांनी बनवलेली साखरच लागते. उरलेला बुंधा टाकू नये. त्यालाही थोडं ऊन मिळालं तर कापाच्या खालच्या डोळ्यांतून दोन-तीन नवे कोंब फुटतात, आणि हिवाळ्याच्या उन्हात त्यांची पेरं आखूड निघतात.